नाशिक : जुनी मोझेक फरशी, सागवानी दारं, पितळी भांडी – पॉलिशसाठी माणूस कसा निवडायचा?

सोनचाफा | ९ ऑगस्ट, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. गंगापूर रोडला बाबांचा बंगला आहे, १९७८ सालचा. सगळीकडे मोझेक फरशी, दहा इंची. हॉलमध्ये राखाडी, त्यात पांढरे-काळे खडे. बाबांच्या खोलीत लाल. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत तिला एकदाही मशीन लागलेलं नाही. आता ती पार मंद झाली आहे, स्वयंपाकघरापाशी पिवळे डाग आहेत, हॉलमध्ये एकदोन फरश्यांना तडे गेलेत. दारं-चौकटी सागवानी, त्यावर काळपट पॉलिशचे थरावर थर. शिवाय आजीचं घंगाळ, दोन हंडे, देवघरातली समई. ही भांडी माळ्यावर काळी पडून आहेत.

भाऊ म्हणतो, वरून व्हिट्रिफाइड टाइल टाकून मोकळे होऊ. मला ते पटत नाही. २०२७ च्या सिंहस्थाला सगळे नातलग घरी उतरतील, त्याआधी हे सगळं नीट करायचं आहे.

दोन-तीन माणसं येऊन गेली. एकाने फाटकातूनच चौरस फुटाचा दर सांगितला, आत पाऊलही टाकलं नाही. दुसरा म्हणाला, अ‍ॅसिड मारून वरून कोटिंग करू, काचेसारखी दिसेल. कोणावर विश्वास ठेवायचा हे कसं ओळखावं? ज्यांनी नाशकात अशी कामं करून घेतली आहेत त्यांनी कृपया सविस्तर लिहा. बाबा ८१ वर्षांचे आहेत, काठी घेऊन चालतात, आणि त्यांना दम्याचा त्रास आहे. ते काम चालू असताना घरातच असतील.

---

रानजाई | ९ ऑगस्ट, सकाळी १०:५०

ताई, मोझेक अजिबात काढू नका, झाकूही नका. आमच्या इंदिरानगरच्या घरी वरून टाइल बसवली. फरशीची पातळी अर्ध्या इंचाने वर आली, तर सगळी दारं खालून तासावी लागली आणि बाथरूमचा उंबरा जवळजवळ नाहीसा झाला. आता मोरीचं पाणी खोलीत येतं. हा हिशेब टाइलवाल्याने आधी सांगितलाच नव्हता.

---

निवृत्त_उपअभियंता | ९ ऑगस्ट, दुपारी १२:३५

सोनचाफा, आधी तुमच्या पायाखाली काय आहे ते सांगतो, म्हणजे येणाऱ्या माणसाला काय विचारायचं ते आपोआप कळेल.

मोझेक फरशी दोन थरांची असते. खाली साधं सिमेंट-वाळूचं अंग. वर पाच-सहा मिलिमीटरचा थर, त्यात सिमेंट, रंग आणि संगमरवराचे खडे. एकूण जाडी वीस-पंचवीस मिलिमीटर. तुम्हाला दिसते ती शोभा त्या पाच-सहा मिलिमीटरचीच. मशीन फिरलं की त्यातला थोडा थर जातो, आणि गेलेला परत येत नाही. चांगल्या कामगाराच्या हातून अशी फरशी पिढ्यान्पिढ्या टिकते. ‘एकदम नवी करून देतो’ म्हणत खरखरीत दगडाने खोल घासणारा मात्र एका कामात पुढच्या दोन पॉलिशांचा थर खाऊन टाकतो.

पद्धत अशी असते. पहिला कट, म्हणजे पहिली घासाई, ६० नंबरच्या कार्बोरंडम दगडाने, भरपूर पाणी सोडून (नंबर जितका मोठा, तितका दगड बारीक). यात उंचसखलपणा आणि वरची मळकट कातडी जाते. मग फरशी स्वच्छ धुऊन तिच्याच रंगाच्या सिमेंटची पातळ लापी करून घासून भरायची, म्हणजे बारीक भोकं आणि सांधे बुजतात. ही लापी काही दिवस ओली ठेवून मुरू द्यायची. पुष्कळ लोक नेमकी हीच पायरी गाळतात, कारण तेवढे दिवस मशीन अडकून पडतं. त्यानंतर १२० चा दगड, लागलं तर पुन्हा बारीक लापी, आणि मग ३२० ते ४००. शेवटी ऑक्झॅलिक पावडर टाकून, पाणी शिंपडून नमद्याने (दाबलेल्या लोकरीच्या जाड तुकड्याने) घोटायचं.

ऑक्झॅलिकचं सरकारी कामातलं प्रमाण चौरस मीटरला ३३ ग्रॅम आहे. तुमचा हॉल आणि खोल्या मिळून ६०० चौरस फूट धरले तर ते साधारण ५६ चौरस मीटर झाले, म्हणजे पावडर दोन किलोच्या आतच लागेल. कोणी पाच किलोची पिशवी घेऊन आला तर आधी विचारा की एवढी कशाला. ही पावडर विषारी आहे. लहान मुलं, मांजर-कुत्रं यांच्यापासून लांब ठेवा, काम झाल्यावर फरशी दोनदा स्वच्छ पाण्याने पुसून घ्या.

आता माणूस कसा ओळखायचा. घरात येऊन खाली वाकतो का, फरशीवर नख किंवा नाणं फिरवून बघतो का, पाण्याचे चार थेंब टाकून ते किती वेळात मुरतात ते पाहतो का? ‘आधी काही कोटिंग मारलंय का, तळमजला आहे का, फरशीखाली ओल येते का?’ असं विचारतो का? जो हे विचारतो त्याला काम येतं. दर त्यानंतर. फाटकातून दर सांगणाऱ्याने तुमच्या घराचा नाही, फक्त आपल्या दिवसाच्या रोजाचा विचार केला आहे.

तडा गेलेल्या फरश्यांसाठी बाजारात शोधाशोध करू नका, १९७८ चा रंग आणि खडा आज जुळणार नाही. भिंतीतल्या कपाटाखालची, माळ्याच्या जिन्याखालची किंवा अडगळीच्या खोलीतली फरशी अलगद काढून हॉलमध्ये बसवा, आणि तिथे नवी टाका. एकाच भट्टीचा माल असल्यासारखी मिसळून जाते.

---

सोनचाफा | ९ ऑगस्ट, दुपारी १:१०

काका, मनापासून आभार. कपाटाखालून फरशी काढायची हे मला सुचलंच नसतं. आणि तो अ‍ॅसिड मारणारा?

---

निवृत्त_उपअभियंता | ९ ऑगस्ट, दुपारी १:४०

त्याला नम्रपणे नकार द्या. मोझेकमधला खडा संगमरवर आहे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. संडास धुण्याचं अ‍ॅसिड पडलं की तो फसफसतो, विरघळतो. सिमेंटही कमीजास्त खाल्लं जातं, आणि फरशी हाताला खरबरीत लागते. स्वयंपाकघरापाशी जे डाग आहेत म्हणता, त्यातले काही बहुधा लिंबाचे, चिंचेचे, ताकाचे असतील. ते डाग नसून तिथे दगडच खाल्ला गेलेला असतो, म्हणून पुसून जात नाहीत. त्यांना कटच लागतो.

तळमजल्यावर कोटिंग तर मुळीच नको. जुन्या घरांत जमिनीतून ओल वर येते. मोझेक ती सोडून देतं. वरून प्लास्टिकसारखा थर दिला की ओल खाली कोंडते, आणि वर्ष-दोन वर्षांत थर पांढरा पडून पापुद्रे सुटतात.

---

कॅनडाकॉर्नर | ९ ऑगस्ट, दुपारी ३:०५

मी थोडं वेगळं म्हणेन. आमच्या पहिल्या मजल्यावरच्या ऑफिसात मोझेकवर सीलर मारलाय, चार वर्षं झाली, छान आहे. चहा सांडला तरी डाग राहत नाही. सरसकट नको म्हणू नका.

---

निवृत्त_उपअभियंता | ९ ऑगस्ट, दुपारी ३:३०

मान्य आहे, आणि हा फरक सांगितलात ते बरं झालं. तुमचा बहुधा आत मुरणारा सीलर आहे, वर थर धरणारा नाही. शिवाय खाली स्लॅब आहे, जमीन नाही. आत मुरणारा सीलर वाफ बाहेर जाऊ देतो. सोनचाफांच्या वरच्या मजल्यावर तो चालेल. तळमजल्यावर आधी ओल तपासा: दीड-दोन फुटांचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटपट्टीने फरशीवर लावा, दोन दिवसांनी उचला. खाली दव धरलं असेल तर वर काहीही मारू नका.

---

आळीतला | ९ ऑगस्ट, संध्याकाळी ६:२०

घंगाळ आणि हंड्यांबद्दल लिहितो, कारण आमच्या घरी हाच धंदा होता. नाशिकची तांब्यापितळेची कामं जुनी आहेत, १८८३ च्या जिल्हा गॅझेटियरमध्येही त्यांची नोंद आहे. आता ठोके देणारे हात कमी उरले आहेत, पण भांडीबाजारात आणि जुन्या नाशकात चौकशी केलीत तर कामाचा माणूस अजून सापडतो. घरी पावडर विकत फिरणाऱ्याकडे मात्र देऊ नका.

ताई, आधी भांडी वेगवेगळी करा. घंगाळ जर ठोक्याचं असेल, म्हणजे अंगावर हातोडीच्या खुणा दिसत असतील, तर त्याला मशीनचा बफ (चमक आणणारं फिरतं चाक) लावू देऊ नका. बफ उंचवटा आधी खातो. ठोक्यांची सगळी चमक त्या उंचवट्यांवर असते. बफ मारलेलं घंगाळ गुळगुळीत होतं आणि बाजारातल्या पत्र्याच्या घंगाळासारखं दिसतं. चिंच आणि विटेची पूड, मग राख, मग स्वच्छ पाणी आणि लगेच कोरडं पुसणं, हे हाताने केलं की पुरतं. वेळ लागतो, पण धातू जात नाही.

समईला नक्षी असेल तर तीच गोष्ट. देवांच्या मूर्ती तर कधीच मशीनवर देऊ नका. नाक, डोळे, बोटं यांची कड एका मिनिटात उतरते. माझ्या डोळ्यांदेखत कित्येक घरच्या अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असे सपाट झालेले आहेत, आणि ते पुन्हा घडवता येत नाहीत.

हंडे साधे, पत्र्याचे असतील आणि फार काळे पडले असतील तर त्यांना बफ चालेल.

स्वयंपाकाची पितळी पातेली असतील तर त्यांना आतून कल्हई हवीच. भांडं तापवायचं, नवसागर टाकून कापसाने पुसायचं, मग कथील लावून पसरायचं. कथील २३२ अंशाला वितळतं, त्यामुळे कल्हईचं भांडं रिकामं चुलीवर ठेवलं तर कल्हई उतरते. चकचकीत शिसं लावणारेही असतात. कथलाची कांडी समोर बघून घ्या, आणि ओळखीच्याच माणसाकडे जा.

---

अंबड_लिंक_रोड | ९ ऑगस्ट, रात्री ८:१५

आळीतले दादा अगदी बरोबर बोलले. मी बफिंगच्या शॉपमध्ये बरीच वर्षं काढली आहेत. सातपूर-अंबडला अशी छोटी युनिटं भरपूर आहेत, पण त्यांचं रोजचं काम म्हणजे गाड्यांचे पार्ट, नळ, स्टीलचे पाइप. त्यांच्याकडे घरचा हंडा नेलात तर तेही पार्टसारखाच धरतील. तसं नको असेल तर आधी सांगा.

काय सांगायचं ते लिहितो. आधी सायसलचा (घायपाताच्या दोऱ्याचा) बफ, त्याला ब्राऊन कंपाउंड, म्हणजे चाकाला लावायची घासायची वडी; हा ओरखडे काढतो आणि धातूही काढतो. मग कापडी बफ आणि बारीक कंपाउंड. हा फक्त चमक देतो. जुन्या भांड्याला पहिला बफ नको, दुसराच पुरे. ओरखडे राहू देत. स्टीलचं काम झालेलं चाक पितळेला लावू देऊ नका, चाकात अडकलेले स्टीलचे कण पितळेवर रेघा ओढतात.

आणखी एक: भांडं मुलाम्याचं आहे का ते आधी बघा. पितळेवर निकेल किंवा चांदीचा मुलामा असेल तर बफने तो कडांवरून निघून जातो आणि खालचा पिवळा धातू उघडा पडतो. तळाशी, जिथे झिजतं तिथे, वेगळा रंग दिसतोय का पाहा. बफ झालेलं भांडं वापरण्याआधी गरम पाणी आणि साबणाने दोन वेळा घासा, कंपाउंडमध्ये मेण आणि चरबी असते, ती खाचांत बसून राहते.

दम्याचं वाचलं म्हणून सांगतो, बफिंगची बारीक धूळ वाईट. घरी येऊन हँडग्राइंडरला बफ लावून काम करतो म्हणणाऱ्याला घरात करू देऊ नका. भांडी शॉपवर द्या.

---

सागवान | ९ ऑगस्ट, रात्री ९:५०

दारांकडे अजून कोणी आलं नाही, मग मीच येतो. :)

वर काय थर आहे ते आधी ओळखा. दाराच्या वरच्या कडेला, जिथे कोणाचं लक्ष जात नाही, तिथे स्पिरिटमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा मिनिटभर दाबून ठेवा. थर मऊ होऊन चिकटला, कापूस तपकिरी झाला, तर ते चपडा लाखेचं फ्रेंच पॉलिश आहे. काहीच झालं नाही तर मेलामाइन, पीयू (पॉलियुरेथेन) किंवा ऑइल पेंट. १९७८ ची दारं आहेत म्हणजे तळाशी बहुतेक लाखच असेल.

लाखेचं असेल तर नशीबवान आहात. लाख लाखेला धरते. सगळं खरवडून काढायची गरज नसते: वरचा मळ स्पिरिटने आणि बारीक पॉलिशपेपरने उतरवायचा, भेगांत लांबी (लाकडाची पुट्टी) भरायची, आणि कापडाच्या गोळ्याने पातळ पातळ हात द्यायचे. जुन्या सागाचा तो मधासारखा रंग आतून वर येतो. हे काम करणारे वयस्कर पॉलिशवाले अजून आहेत, आणि त्यांचं काम बघितलं की मला खरोखर आदर वाटतो. गोळा कुठेही थांबत नाही. थांबला की तिथे चट्टा पडतो.

आता येणारा बहुतेक प्रत्येक जण पीयूच सुचवेल. पीयू वाईट नाही. जेवणाच्या टेबलाला, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला मीही तोच सांगेन, कारण लाखेला पाणी आणि गरम कप सोसत नाही, पांढरे डाग पडतात. पण आतल्या दारांना पीयू कशाला? त्यावर ओरखडा गेला तर तेवढ्यापुरता नीट करता येत नाही, पूर्ण पल्ला घासावा लागतो. लाखेचं दार दहा वर्षांनी पुन्हा एक हात दिला की झालं.

दोन गोष्टी माणूस आल्या आल्या ठरवून घ्या. मशीनचा सँडर चौकटीच्या गोलाईवर आणि नक्षीवर फिरवायचा नाही, तिथे हातानेच घासायचं: १२०, मग १८०, मग २२०, शेवटी ३२०. आणि कपाटाची दारं व्हिनिअरची असतील तर त्यांना मशीन अजिबात नको. व्हिनिअर जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं असतं, क्षणात खालचा प्लाय दिसतो. कडेला पाहा: दारावरच्या रेषा कडेवरही पुढे गेल्या असतील तर भरीव लाकूड, तिथेच थांबल्या असतील तर व्हिनिअर.

जुना ऑइल पेंट असेल तर कोरडं घासू देऊ नका. आपल्याकडे घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू झाली, त्याआधीच्या रंगात कितीही शिसं असू शकतं. त्याची धूळ मुलांना आणि म्हाताऱ्या माणसांना घातक. ओल्या पेपरने घासायला सांगा, किंवा पल्ले उतरवून अंगणात रिमूव्हरने काढा.

आणि पावसात पॉलिश नको! ऑगस्टमध्ये हवेत इतकी ओल असते की लाख काय, लॅकर काय, वर दुधाळ झाक धरतं. नवरात्रानंतर करा. नाशकाची कोरडी हवा पॉलिशला फार चांगली.

कोणी जवसाचं तेल वापरत असेल तर त्याची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकू देऊ नका. ती आपोआप तापून पेटतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा दोरीवर पसरून वाळवा.

---

रानजाई | ९ ऑगस्ट, रात्री १०:२०

फडक्यांचं माहीत नव्हतं! आमच्याकडे सुतार ती भुशातच टाकून जातो. उद्याच सांगते त्याला.

---

गोदातीर | १० ऑगस्ट, सकाळी ८:३०

कॉलेज रोडला आमच्या फ्लॅटमध्ये संगमरवर आहे. आमचा अनुभव एका कंत्राटदाराचा, नाव लिहीत नाही. काम झालं त्या संध्याकाळी फरशीत पंखा दिसत होता. महिनाभर पुसल्यावर सगळं धूसर. नंतर दुसऱ्या कारागिराने दाखवलं की आधीच्याने बारीक पॅडच फिरवले नव्हते, २०० वर थांबून वर मेण घोटलं होतं. मेण फिनेलच्या पाण्यासोबत निघून गेलं.

त्याने शिकवलेली परीक्षा सगळ्यांसाठी: पैसे देण्याआधी एका कोपऱ्यात गरम पाणी आणि थोडा कपडे धुण्याचा सोडा घेऊन कापडाने चोळा, वाळू द्या. चमक तशीच राहिली तर ती दगडाची. गेली तर मेणाची. आणि दिवा बंद करून मोबाइलचा टॉर्च फरशीला आडवा धरा, मशीनचे गोल ओरखडे लगेच उमटतात.

संगमरवराला डायमंड पॅडची माळ असते: ५०, १००, २००, ४००, ८००, १५००, ३०००. प्रत्येक पॅड आधीच्याचे ओरखडे काढतो, त्यामुळे मधला एक जरी गाळला तरी दिसतं. कोटेशनवर हे आकडे लिहून घ्या. आम्ही दुसऱ्या वेळी लिहून घेतले, आणि प्रत्येक पॅडनंतर मी स्वतः पाहिल्याशिवाय पुढचा लावू दिला नाही. कारागिराला राग आला नाही, उलट तो उत्साहाने दाखवत होता.

---

सोनचाफा | १० ऑगस्ट, सकाळी ११:००

तुम्ही सगळ्यांनी किती मनापासून लिहिलंय. बाबांना मोठ्याने वाचून दाखवलं. त्यांनीच पुढचा प्रश्न विचारला आहे: इतकी गुळगुळीत केल्यावर माझी काठी घसरेल का? आणि दम्यामुळे धूळ?

---

निवृत्त_उपअभियंता | १० ऑगस्ट, दुपारी १२:१५

बाबांचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा आहे, आणि मी तो आधीच मांडायला हवा होता, इतका साधा आहे.

आरसा हवा असा हट्ट धरू नका. बाबांची खोली, बाथरूमकडे जाणारा पट्टा आणि जिन्याच्या पायऱ्या १२० किंवा २२० वर थांबवा, पुढे नेऊ नका, मेण मुळीच नको. रंग पूर्ण उघडतो, खडे दिसतात, फक्त चकाकी मंद राहते. हॉल हवा तर ४०० पर्यंत न्या. काठीच्या टोकाचं रबर मात्र नवं बसवा, झिजलेलं रबर ओल्या फरशीवर कशानेही थांबत नाही.

धूळ: मोझेकचं मशीन पाण्यावर चालतं, त्यामुळे हवेत धूळ जवळजवळ नसते. कोणी ‘पाणी नको, कोरडंच करतो, चिखल होणार नाही’ म्हणाला तर दाराशीच थांबवा. सिमेंट-दगडाची कोरडी धूळ फुप्फुसात बसते. बाबांच्या आधी ती त्या कामगाराच्या छातीत जाईल. कडा आणि कोपरे हातमशीनने करतात, तिथे कोरडं करायची सवय असते. तिथेही पाणी धरायला सांगा, आणि मास्क तुम्हीच आणून द्या. कापडी रुमालाने काही होत नाही.

पाण्यात वीज आहे, म्हणून हेही बघा. मशीन सिंगल फेजवर चालणार का, अर्थिंग आहे का, घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच ती तोडणारा स्विच) आहे का. १९७८ च्या वायरिंगमध्ये तो नसेलच. काम सुरू होण्याआधी इलेक्ट्रिशियनला बोलावून बसवून घ्या. मधे टेप गुंडाळलेली वायर असेल तर काम सुरूच होऊ देऊ नका.

आणि तो राखाडी चिखल मोरीत सोडू देऊ नका. तो सिमेंटच आहे, ट्रॅपमध्ये बसला की दगड होतो. बादलीत गोळा करून रात्रभर ठेवा, वरचं पाणी ओता, तळाचा गाळ वाळवून डेब्रिजमध्ये द्या. आपल्या गटारांचा शेवट कुठे होतो ते नाशिककरांना सांगायला नको, पण कामाच्या गडबडीत कोणी त्याचा विचार करत नाही म्हणून लिहितो.

---

कॅनडाकॉर्नर | १० ऑगस्ट, दुपारी १:५०

पैशांच्या व्यवहाराचंही कोणीतरी लिहा ना. दरात एवढी तफावत का असते?

---

गोदातीर | १० ऑगस्ट, दुपारी २:४०

कारण प्रत्येक जण वेगळंच काम सांगत असतो. एकाच्या दरात लापी आणि दोनदा घोटणं असतं, दुसऱ्याच्या दरात एक कट आणि पावडर. म्हणून दर विचारताना हेच प्रश्न सगळ्यांना सारखे विचारा: किती नंबर, लापी किती वेळा, स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाची पट्टी, धरली का (ती धावत्या फुटावर वेगळी मोजतात), पायऱ्या कशा मोजणार, सामान कोण हलवणार, चिखल कोण नेणार, दगड-पॅड तुमचे का आमचे. मोजमाप तुमच्यासमोर फितीने. कपाटाखालची जागा मोजत असेल तर घासतही असला पाहिजे.

पैसे एकदम देऊ नका. थोडे सामानाला, काही लापी झाल्यावर, उरलेले सोड्याची परीक्षा झाल्यावर. जीएसटीचं बिल नसणं म्हणजे फसवणूक असं समजू नका. सेवेची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर नोंदणीची सक्ती नाही, आणि आपले बरेच चांगले कारागीर त्यातच मोडतात. पण साध्या कागदावर पायऱ्या, रक्कम आणि दोघांची सही, एवढं हवंच. नोंदणी नसताना कोणी जीएसटी लावून पैसे मागत असेल तर ते मात्र चुकीचं.

आणि आधी नमुना मागा! दोन फूट बाय दोन फूट, पलंगाखाली किंवा अडगळीत, सगळ्या पायऱ्यांसकट. त्याचे वेगळे पैसे द्या. फुकट मागितलेला नमुना घाईत होतो आणि त्यावरून काहीच कळत नाही.

---

आळीतला | १० ऑगस्ट, संध्याकाळी ७:००

+१. नमुन्याचे पैसे देणं मला फार आवडलं. आमच्याकडे गिऱ्हाईक ‘आधी एक वाटी घासून दाखवा’ म्हणायचं आणि वाटी घेऊन जायचं.

---

सोनचाफा | २४ ऑगस्ट, सकाळी ९:४५

मंडळी, थोडी प्रगती कळवते.

तुमचे प्रश्न कागदावर लिहून ठेवले आणि नव्याने माणसं बोलावली. पंचवटीतून आलेले एक मध्यमवयीन कारागीर आत आले, चप्पल काढली आणि थेट बाबांच्या खोलीत फरशीवर बसले. पाण्याचे थेंब टाकले, नख फिरवलं, मग बाबांना विचारलं, ‘काका, रात्री बाथरूमला कुठून जाता?’ दर त्यांनी दुसऱ्या दिवशी कळवला. तो सगळ्यांत कमी नाही, सगळ्यांत जास्तही नाही.

जिन्याखाली त्यांनी नमुना केला. लापीचे दिवस धरून. काल सोड्याची आणि टॉर्चची परीक्षा झाली, चमक हलली नाही. लाल फरशीतले खडे हिरवट आहेत हे मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं! भावाला व्हिडिओ पाठवला, टाइलचा विषय त्याने सोडला आहे.

प्लास्टिकचा तुकडा लावला होता, खाली दव धरलं. म्हणजे कोटिंग नाहीच.

दोन शंका राहिल्या. गणपतीच्या आधी फरशी, नवरात्रानंतर दारं असा बेत आहे, पण मधेच भिंतींना रंगही द्यायचाय. क्रम काय? आणि स्वयंपाकघराचा ओटा कडप्प्याचा आहे, पांढरा पडलाय. त्यालाही हेच मशीन?

---

निवृत्त_उपअभियंता | २४ ऑगस्ट, सकाळी १०:३०

फार छान. हाच माणूस धरा.

क्रम असा: ६० चा कट, लापी आणि १२० आत्ता करून घ्या. पाणी उडून भिंती फूटभर खराब होतात, म्हणून रंगाच्या आधी. मग भिंतींची पुट्टी आणि रंगाचे हात, शेवटचा एक हात बाकी ठेवून. दारांचं घासकाम रंगाच्या आधी उरका, नाहीतर लाकडाची धूळ ओल्या रंगात बसते. मग फरशीचा शेवटचा बारीक कट आणि ऑक्झॅलिक, त्यावर भिंतींचा शेवटचा हात फरशीवर जाड कागद अंथरून, आणि सर्वांत शेवटी दारांना लाखेचे हात. फरशीवाल्याला दोनदा यावं लागेल, ते आत्ताच कागदावर लिहा, नाहीतर दुसऱ्या फेरीला तो दुसऱ्या कामावर असेल.

म्हणजे गणपतीला फरशी १२० वरच असेल. बाबांच्या खोलीला तर तेवढीच ठेवायची आहे.

---

सागवान | २४ ऑगस्ट, सकाळी ११:१५

क्रम बरोबर. फक्त पल्ले उतरवणार असाल तर प्रत्येकाच्या वरच्या कडेला आणि त्याच्या चौकटीला एकच आकडा पेन्सिलने घाला. जुनी दारं एकमेकांच्या जागी बसत नाहीत. बिजागऱ्या आणि कड्या-कोयंडे पितळी असतील तर स्क्रूसकट वेगवेगळ्या पिशव्यांत, त्याच आकड्यांनिशी.

---

निवृत्त_उपअभियंता | २४ ऑगस्ट, दुपारी १२:००

ओट्याचं राहिलं. कडप्पा हा चुनखडीचाच दगड, संगमरवरासारखाच आंबटाला भितो. पांढरेपणा म्हणजे लिंबू-चिंचेने खाल्लेली जागा, आणि काही ठिकाणी पाण्याचा क्षार. मोठं मशीन ओट्यावर चढत नाही, हातमशीनला लहान पॅड लावून पाण्यावर करतात. तुमच्याच कारागिराला विचारा, तो करत असेल तर फरशीच्या दुसऱ्या फेरीत उरकेल. त्याआधी सिंकभोवतीचा सांधा बघून घ्या. तिथली पुट्टी निघाली असेल तर पाणी ओट्याखाली जातं, आणि वर कितीही घासलं तरी कड पुन्हा पांढरी पडते. सांधा आधी, पॉलिश नंतर.